शिकवणी हवी, पण चेलोची

या वार्तापत्राचे जुने वाचक जाणतातच की 'खासगी शिकवणी' या शब्दाशी आमचे फारसे सख्य नाही. शाळेत शिकवलेले संध्याकाळी पुन्हा पैसे मोजून शिकायचे, सहावीपासूनच आयआयटीच्या पायाभरणीच्या वर्गाला बसायचे, रविवारीही चाचणी द्यायची आणि या सगळ्याला अभ्यास म्हणायचे, हे आम्हास पूर्वी पटले नाही आणि आजही पटत नाही. हैदराबादेत तर या धंद्याचे पीक जरा जास्तच जोमदार आले आहे. असे असताना आज आम्ही एका खासगी शिकवणीची तरफदारी करायला बसलो आहोत, याचे काही पालकांना नवल वाटेल. पण ही शिकवणी गणिताची नाही की विज्ञानाची नाही. ती चेलो नावाच्या वाद्याची आहे.

निमित्त पालकांनीच दिले. गेल्या वर्षभरात दोघा-तिघांनी आमच्याकडे विचारणा केली. "मुलगी सातवीत आहे. चेलो शिकायचा म्हणून हटून बसली आहे. हे खूळ कुठून आले कळत नाही. पाठवावे का? पाठवायचे तर कोणाकडे? आणि पुढे त्याचा उपयोग काय?" शेवटच्या प्रश्नाची आम्हास गंमत वाटते. गणेशोत्सवात पेटी वाजवणाऱ्या मुलाला पुढे उपयोग काय, असे आपल्याकडे कोणी विचारत नाही. तबल्याच्या क्लासला जाणाऱ्यालाही विचारत नाही. चेलो म्हटले की मात्र हिशेबाची वही उघडते. पण प्रश्न आला आहे तर त्याचे नीट उत्तर द्यायला हवे, कारण त्या मुलीची पुढची पाच-सहा वर्षे आणि त्या घराचे बरेच पैसे त्यावर अवलंबून आहेत.

ज्यांनी हे वाद्य जवळून पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. चेलो हे व्हायोलिनच्याच घरातले थोरले भावंड. उंची साधारण चार फूट. खुर्चीवर बसून, वाद्य दोन गुडघ्यांच्या मध्ये टेकवून, उजव्या हातातल्या गजाने वाजवायचे. खालच्या टोकाला एक धातूची सळई असते, तिच्यावर त्याचा भार जमिनीला टेकतो. तारा चार. आपल्या पेटीच्या भाषेत सांगायचे तर जाड तारेपासून क्रमाने पांढरी एक, पांढरी पाच, पांढरी दोन आणि पांढरी सहा, म्हणजे प्रत्येक तार आधीच्या तारेचा पंचम. आवाज पुरुषाच्या गळ्याच्या जवळचा, खर्जात भरदार आणि वरच्या तारेवर अगदी आर्जवी. आपण तो ऐकलेला नाही असे समजू नका. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाद्यवृंदाखालून जी जाड, ओलसर साय पसरलेली असते, तिच्यात चेलोचा वाटा मोठा आहे. राहुलदेव बर्मन यांचे साहाय्यक म्हणून मनोहारी सिंग यांच्याबरोबर ज्यांचे नाव जोडीने घेतले जाते ते बासू चक्रवर्ती चेलोवादकच होते. तेव्हा तुमच्या घरातली जुनी गाणी ऐकणाऱ्या आजीचा कान या वाद्याला केव्हाच सरावलेला आहे, फक्त तिला नाव ठाऊक नाही.

आता पहिला आक्षेप. हे आपले वाद्य नव्हे, असे काही ज्येष्ठ मंडळी म्हणतात. मुले आधीच मराठीपासून दूर चालली आहेत, त्यात आणखी हे साहेबी वाद्य कशाला? या म्हणण्यामागची काळजी आम्ही समजू शकतो. १९०७ साली विवेकवर्धिनी सुरू झाली तेव्हापासून या शहरातल्या मराठी माणसाने आपली भाषा शाळेच्या आधाराने टिकवली आहे, आणि जे सायासाने टिकवले त्याला धक्का लागेल की काय ही धास्ती खोटी नाही. पण वाद्याच्या बाबतीत हा आक्षेप टिकत नाही. आपली पेटी कुठून आली? नाट्यसंगीताला साथ करणारा ऑर्गन कुठला? आणि शेजारच्या तेलुगू घरात जो व्हायोलिन रोज वाजतो, त्यागराज आराधनेला ज्याच्यावाचून पान हलत नाही, तो तरी कुठला?

त्या व्हायोलिनची हकीकत या विषयाशी अगदी जवळची आहे. मुत्तुस्वामी दीक्षितांचे धाकटे बंधू बालुस्वामी दीक्षित हे मद्रासजवळ मणली येथे असताना तिथल्या मुदलियारांनी त्यांच्यासाठी एका युरोपियन वादकाची शिकवणी लावून दिली आणि ती तीन वर्षे चालली, असे कर्नाटक संगीताच्या इतिहासात सांगतात. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीची ही खासगी शिकवणीच! साहेबाकडून हात शिकून घेतला आणि वाजवली मात्र आपली कृती. पुढे बसण्याची तऱ्हाही बदलली. मांडी घालून, वाद्याचे टोक पायाच्या घोट्याशी टेकवून वाजवायची रीत पडली, आणि आज तो व्हायोलिन परका आहे असे म्हणणाऱ्याला लोक हसतील. त्याच सुमारास तंजावरला आपले सरफोजी राजे दुसरे (कारकीर्द १७९८ ते १८३२) पाश्चात्त्य संगीताच्या स्वरलिपी जमवत होते आणि दरबारात बँड बाळगत होते. त्यांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात मराठी, संस्कृत, तमिळ, तेलुगू सारेच नांदले. दक्षिणेत येऊन वसलेल्या मराठी माणसाने परके वाद्य घरात घेतले म्हणून त्याचे मराठीपण गेले, असा दाखला आम्हास तरी सापडलेला नाही.

खुद्द चेलोचीही अशी उदाहरणे आहेत. सास्किया राव-डी हास या मूळच्या नेदरलँड्सच्या. तिथे चेलो शिकून त्या हिंदुस्थानी संगीतासाठी भारतात आल्या. त्यांच्या गुरूंमध्ये पंडित हरिप्रसाद चौरसियांबरोबर आपले पंडित दामोदर केशव दातार होते. दातारांचे (१९३२–२०१८) गायकी अंगाचे व्हायोलिन ज्यांनी ऐकले आहे त्यांना वेगळे सांगायला नको. सास्कियाबाईंनी मग आपल्या चेलोलाच नवे रूप दिले. आकार लहान केला, वाजवायच्या तारा चाराच्या पाच केल्या, खाली दहा तरफा बसवल्या आणि खुर्ची सोडून त्या जमिनीवर मांडी घालून वाजवू लागल्या. दुसऱ्या नॅन्सी लेश, ज्यांना पुढे नॅन्सी कुलकर्णी या नावाने ओळखले जाऊ लागले, या अमेरिकेच्या. पनवेलजवळ पळस्पे येथे ज्यांनी गुरुकुल उभारले त्या उस्ताद झिया मोहिउद्दीन डागरांकडे त्यांनी ध्रुपद शिकून ते चेलोवर उतरवले. डागर साहेब रुद्रवीणा वाजवत, दातार व्हायोलिन. दोघांपैकी कोणीही चेलोवादक नव्हते.

हे वाचून एखादा पालक म्हणेल, मग प्रश्नच मिटला. आमच्या गल्लीत व्हायोलिनचे मास्तर आहेत, त्यांच्याकडेच मुलीला चेलो घेऊन पाठवतो! तर तसे करू नये. या दोघी गुरूंकडे आल्या तेव्हा त्यांचा हात आधीच तयार होता. तो त्यांनी आपापल्या देशात चेलोच्याच शिक्षकाकडे वर्षानुवर्षे घासून तयार केला होता. इथे त्या राग शिकल्या, मींड शिकल्या, सुराची ओढ शिकल्या. गज कसा धरावा हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही. आमचे सांगणे आहे ते एवढेच: हात चेलोवाल्याकडून घ्यावा, कान आपल्याकडून द्यावा. व्हायोलिन हनुवटीखाली धरतात, चेलो गुडघ्यात. गजाची पकड वेगळी, बोटांमधले अंतर वेगळे, अंगठ्याची जागा वेगळी. नवशिक्याच्या हाताला पहिल्या सहा महिन्यांत जे वळण लागते ते पुढे मोडायला सहा वर्षे पुरत नाहीत. खांदा उचलून वाजवायची सवय लागली तर वादन राहते बाजूला आणि मान दुखणे तेवढे हाती येते.

म्हणूनच ही शिकवणी एकास एक हवी असे आम्ही म्हणतो. वर्गात शिकवण्याला आमचा विरोध नाही. विष्णु दिगंबर पलुस्करांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गुरूच्या घरची पाणी भरण्याची विद्या फळ्यावर, घंट्यांच्या वेळापत्रकात आणली. त्यामुळेच तर तुमच्या-आमच्या घरातली मुले प्रारंभिक, प्रवेशिका देऊ शकतात. वीस मुले एकत्र सरगम म्हणू शकतात, एकाचा सूर चुकला तर बाकीचे त्याला सांभाळून घेतात. पण वीस मुलांचे वीस उजवे अंगठे एक शिक्षक एका तासात पाहू शकत नाही. चेलोत पहिले वर्ष तर अंगठे पाहण्यातच जाते. अंगठा वाकडा ठेव, मनगट सैल सोड, जोर बोटांनी देऊ नकोस, हाताचे वजन आपोआप तारेवर येऊ दे, हे पन्नास वेळा सांगावे लागते, आणि पन्नासाव्या वेळी शिक्षकाने स्वतः उठून मुलीचे कोपर हाताने उचलून धरावे लागते. फार तर दोन भावंडांनी वा मैत्रिणींनी एक तास वाटून घ्यावा. त्यापुढे गर्दी नको.

इथे आपल्या मुलांचा एक फायदा आहे आणि तो पालकांनी ओळखावा. चेलोला सतारीसारखे पडदे नसतात. बोट कुठे ठेवायचे हे डोळा सांगत नाही, कानच सांगतो. पहिल्या काही महिन्यांसाठी शिक्षक पट्टीवर चिकटपट्टीच्या बारीक खुणा करून देतात, पण त्या कुबड्याच. ज्या मुलीने चार वर्षे तंबोऱ्यावर सा लावला आहे तिला सूर कुठे आहे हे आधीच माहीत असते, बोटाने फक्त त्याची जागा शोधायची असते. एक उदाहरण देतो, घरी पडताळून पाहता येईल. पांढरी दोनची तार मोकळी वाजवली आणि तिलाच सा मानले, तर त्या तारेवर तर्जनीने रे लागतो, अनामिकेने शुद्ध ग आणि करंगळीने म. मग शेजारची पांढरी सहाची तार मोकळी वाजवली की प मिळतो. तिच्यावर पुन्हा तर्जनीने ध, अनामिकेने नी, करंगळीने वरचा सा. दोन तारांवर अख्खे सप्तक, आणि हात जागचा हलवावा लागत नाही! मघाच्या तारेवर अनामिकेऐवजी मधले बोट ठेवले तर कोमल ग मिळतो. आता सांगा, भूप किंवा दुर्गा गाणाऱ्या मुलीला हे वाद्य परके वाटेल का? तिच्या चेलोच्या बाईंना सरगम येत नसली तरी बिघडत नाही. मुलीने घरी आल्यावर तोच धडा गाऊन पाहावा. गायनाचा क्लास मात्र चेलोसाठी बंद करू नये. असे करण्याचा मोह पडतो, कारण वेळ तेवढाच असतो आणि फी दोन ठिकाणी जाते.

आता शिक्षक शोधण्याचे. हैदराबादेत हे सोपे नाही. मुंबईला, गोव्याला या संगीताची जुनी बैठक आहे. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीताचे शिक्षण मिळते, मुंबईच्या एनसीपीएमध्ये २००६ पासून सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया आहे. अर्थात त्या वाद्यवृंदालाही तंतुवाद्यांसाठी कझाकस्तान आणि इतर देशांतून वादक आणावे लागले, यावरून देशात ही विद्या किती विरळ आहे ते दिसते. आपल्याकडे सिकंदराबादची छावणी आणि तिथली जुनी चर्चे यांच्या आसपास पियानो, गिटार, व्हायोलिन शिकवणारे पूर्वीपासून आहेत. चेलो शिकवणारे मात्र बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे पालक उलटा क्रम धरतात. आधी हौसेने वाद्य विकत घेतात, मग शिक्षक शोधत फिरतात, आणि शिक्षक मिळेपर्यंत वाद्य कपाटामागे धूळ खाते. आम्ही कळकळीने सांगतो, शिक्षक आधी, वाद्य नंतर. शिक्षक मिळत नसेल तर मुलीला तसे स्पष्ट सांगावे आणि तोवर गाणे चालू ठेवावे. वर्षभराने शिक्षक मिळाला तर काही बिघडत नाही. चेलो बाराव्या-तेराव्या वर्षी सुरू करूनही चांगला येतो.

शिक्षक मिळाला की पहिल्या भेटीला आई-वडिलांपैकी कोणी तरी सोबत जावे आणि गप्प बसून पाहावे. शिक्षक स्वतः वाजवून दाखवतो का? शिकवताना वाद्य हातातच न घेणारा शिक्षक आम्हास संशयास्पद वाटतो. मुलीला खुर्चीच्या कडेला कसे बसायचे, पाय जमिनीला टेकतात की नाही, सळई किती बाहेर काढायची, हे तो बघतो का? की पहिल्याच दिवशी तिच्यासमोर चित्रपटाच्या गाण्याची धून ठेवतो? स्नेहसंमेलनाला दोन महिन्यांत वाजवेल असे वचन देणारा, सहा महिन्यांत ग्रेडची परीक्षा काढून देतो म्हणणारा, किंवा वाद्य माझ्याकडूनच घ्या असा आग्रह धरणारा भेटला तर नमस्कार करून परत यावे. चांगला शिक्षक पहिले काही आठवडे मोकळ्या तारांवर लांब, सावकाश गज ओढायला लावतो. मुलीला कंटाळा येतो. त्या कंटाळ्यात तिला रमवण्याची हातोटी ज्याच्याकडे आहे, तोच खरा शिक्षक.

संगणकाच्या पडद्यावरून शिकण्याविषयी दोन शब्द. २०२० च्या टाळेबंदीत सगळेच शिकले, आणि आता जगातल्या कुठल्याही गावचा शिक्षक घरबसल्या मिळतो. हात बसलेल्या विद्यार्थ्याला याचा मोठाच आधार आहे. नवशिक्याला मात्र नाही. पडद्यावर कोपराचा कोन दिसतो, खांद्यातला ताण दिसत नाही. आवाज उशिरा पोचतो म्हणून गुरू-शिष्यांना एकत्र वाजवता येत नाही, आणि निम्मी विद्या तर एकत्र वाजवण्यात असते. किमान पहिले वर्ष प्रत्यक्ष समोर बसून शिकावे. आठवड्यातून एकदा सुलतान बाजारहून मेट्रोने सिकंदराबादला जावे लागले तरी ते जाणे सार्थकी लागेल.

वाद्याबद्दल फार लिहीत नाही, ते शिक्षकाने सांगावे. एवढे मात्र ठाऊक असावे की चेलो मुलाच्या मापाचा लागतो. पाव, अर्धा, पाऊण आणि पूर्ण अशी मापे असतात. (अर्धा म्हणजे लांबीने अर्धा नव्हे, नुसते म्हणायचे अर्धा. हे वाचून आमच्या गणिताच्या बाई रागावतील.) सातवीतल्या मुलीला पाऊण बहुधा पुरतो आणि दोन-तीन वर्षांत पूर्ण लागतो. म्हणून मधल्या मापाचे वाद्य विकत घेण्यापेक्षा भाड्याने किंवा जुने मिळाले तर उत्तम. आणि आपला एप्रिल-मे! कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आकसते, खुंट्या सुटतात, कडांचे सांधे उकलतात, कधी घोडी पडते आणि आत उभी असलेली काडीही सरकते. बंद मोटारीत वाद्य ठेवू नये, आणि कूलरच्या तोंडाशी तर मुळीच नाही. खोलीच्या कोपऱ्यात पाण्याचे भांडे असावे. वाजवून झाल्यावर गजाचे केस सैल करावेत आणि त्यांना बोट लावू नये. केसांना राळ लावायची ती बेताची, गंधासारखी.

यानंतरची गोष्ट पैशापेक्षा अवघड आहे. जपानचे शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) यांच्या पद्धतीत मूल वाद्य हाती घेण्याआधी त्याची आई ते थोडे वाजवायला शिकते आणि प्रत्येक शिकवणीला हजर राहते. आपल्याकडे आईने किंवा बाबांनी चेलो शिकावा असे आमचे म्हणणे नाही. पण शिकवणीच्या वेळी खाली गाडीत बसून मोबाइल पाहू नये, आत बसावे. शिक्षकाने काय सांगितले ते वहीत लिहावे आणि घरी रोज वीस मिनिटे मुलीजवळ बसावे. पहिल्या वर्षी जो आवाज निघतो तो ऐकवत नाही, हे कबूलच करायला हवे. दाराची बिजागरी आणि चेलो यांत फरक करणे कठीण जाते. वरच्या मजल्यावरचे काका एकदा तरी येऊन विचारतीलच. अशा वेळी घरातल्या मोठ्यांनी "पुरे झाले आता तुझे ते" असे एकदा जरी म्हटले, तरी पुढच्या शिकवणीचे पैसे पाण्यात गेले असे समजावे. मूल परक्याची चेष्टा विसरते, घरच्यांची विसरत नाही.

परीक्षांचे काय? ट्रिनिटी आणि एबीआरएसएम या लंडनच्या संस्थांच्या आठ ग्रेडच्या परीक्षा भारतात देता येतात. त्या वाईट नाहीत. शिस्त लागते, स्वरलिपी वाचता येते. पण पहिली दोन वर्षे त्यांचे नावही काढू नये असे आमचे मत आहे. आपल्याला प्रमाणपत्राची घाई फार. परीक्षेच्या तीन तुकड्यांवर वर्ष काढायचे, त्या पलीकडे काहीच वाजवायचे नाही, आणि प्रमाणपत्र चौकटीत घालून भिंतीला टांगायचे. ही तर मग तीच शिकवणी झाली जिच्यावर आम्ही सुरुवातीला टीका केली. पाब्लो कासाल्स (१८७६–१९७३) यांना तेराव्या वर्षी बार्सिलोनातल्या एका जुन्या दुकानात बाखच्या चेलोसाठी लिहिलेल्या सहा रचनांची प्रत सापडली. त्या लोकांसमोर वाजवायचे धाडस करण्याआधी त्यांनी बारा वर्षे त्यांचा सराव केला, असे सांगतात. आपल्या भाषेत एक तप. तोपर्यंत त्या रचना फक्त बोटे साफ करायचे धडे आहेत असा अनेकांचा समज होता.

सर्वांत मोठा अडथळा दहावीचा. आम्ही आजवर पाहिले आहे की नववी सुरू झाली की पेटी बंद, तबला बंद, चित्रकला बंद. "दहावी झाली की पुन्हा सुरू कर." दहावी होते, मग इंटर लागते, मग प्रवेश परीक्षा, आणि ते 'पुन्हा' कधी येत नाही. गाणाऱ्याचा गळा तरी राहतो, चेलोवादकाचा हात दोन वर्षांत जातो. म्हणून ज्या पालकांनी मनाशी आधीच ठरवले आहे की नववीत हे सारे थांबवायचे, त्यांनी सातवीत सुरूच करू नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो. हे कठोर वाटेल. पण मुलीच्या हातात गज देऊन, तिला त्याची गोडी लावून, ऐन रंगात यायच्या वेळी तो काढून घेणे याहून कठोर आहे. दहावीच्या वर्षी शिकवणी आठवड्याऐवजी पंधरवड्यास करावी, रोजची वीस मिनिटे मात्र सोडू नयेत. तेवढ्या वीस मिनिटांनी कोणाचे गुण कमी झाल्याचे आमच्या पाहण्यात नाही. टीव्हीने आणि मोबाइलने मात्र झाले आहेत.

आणि पुढे उपयोग काय? अनूपकुमार विश्वास यांचे उदाहरण देतो. बंगालमधल्या गरीब घरचा हा मुलगा कोलकात्यात बेहाला येथील ऑक्सफर्ड मिशनमध्ये वाढला. तिथे फादर थिओडोर मॅथिसन मुलांना तंतुवाद्ये शिकवत. त्यांनी याच्या हातात चेलो दिला. विश्वास पुढे लंडनला गेले, नामवंत चेलोवादक झाले आणि १९९४ मध्ये त्यांनी कोलकात्यात गुरूच्याच नावाने गरीब मुलांसाठी मॅथिसन म्युझिक स्कूल काढले. असे प्रत्येकाचे होईल असे आम्ही म्हणत नाही. शंभरातल्या नव्व्याण्णव मुली पुढे डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षिकाच होतील, आणि त्यांच्या घरात एका कोपऱ्यात एक चेलो असेल, जो त्या रात्री जेवणानंतर वाजवतील. आम्हास हा उपयोग पुरेसा वाटतो. ज्याला वाटत नसेल त्याच्याशी आमचा वाद नाही, त्याने ते पैसे दुसरीकडे लावावेत.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि तो टाळून चालणार नाही. चेलो पेटीपेक्षा महाग, तबल्यापेक्षा महाग, आणि शिक्षक विरळ म्हणून फीही जास्त. ज्या घरात दोन मुलांच्या शाळेची फी भरतानाच ओढाताण होते तिथल्या मुलीने हे खूळ मनात आणूच नये काय? आम्हास हे मान्य नाही. आपल्या समाजाने या शहरात शाळा काढल्या, ग्रंथालये काढली ती वर्गणी काढूनच. पुस्तक जसे घरी नेऊन वाचून परत करतात, तसे वाद्य का नेऊ नये? आमची सूचना साधी आहे. शाळेने पाऊण मापाचे दोन चेलो घ्यावेत, कुलपाच्या कपाटात ठेवावेत आणि वर्षाच्या बोलीवर घरी द्यावेत. अट एवढीच, की मुलीला शिक्षक मिळालेला असावा. माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज गच्चीबावलीत आणि अमेरिकेत चांगल्या नोकऱ्यांत आहेत त्यांना एक वाद्य देणे जड जाणार नाही. शनिवारी दुपारी संगीताची खोली रिकामी असते. एखादे चेलोचे शिक्षक तिथे येऊन दोन-तीन मुलांना पाठोपाठ शिकवायला तयार झाले तर पालकांचा सिकंदराबादचा हेलपाटाही वाचेल, आणि तिथे बिजागरीसारखा आवाज आला तरी वरच्या मजल्यावर काका नाहीत.

शाळा जूनमध्ये उघडेल. ज्या पालकांना रस असेल त्यांनी मुलाचे नाव, इयत्ता आणि उंची (वय नव्हे, उंची, वाद्याचे माप तिच्यावर ठरते) लिहून संगीताच्या बाईंकडे द्यावे. कोणाच्या घरी जुना चेलो पडून असेल तर त्यांनीही कळवावे. तारा तुटलेल्या असल्या तरी चालेल.